सर्व्हर उठला नाही, तर आधी वाचा, मग लिहा

बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग या माळावर लहानमोठ्या कारखान्यांची रांग लागली. शेजारच्या कामगार वस्तीला बजाजनगर हे नावही त्यातूनच मिळाले. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादहून रोज हजारो लोक इकडे कामाला येतात. टर्निंग, मिलिंग, प्रेस, वेल्डिंग, पावडर कोटिंग, डाय-फिक्श्चर अशा जॉबवर्कच्या गाळ्यांत आपले बांधवही आहेत, काही मालक म्हणून, तर काही कारागीर म्हणून.

पूर्वी अशा गाळ्याची सगळी लिखापढी एका लाल वहीत मावत असे. आज ती कोपऱ्यातल्या संगणकात असते. मोठ्या कंपनीने विश्वासाने दिलेली ड्रॉइंग, सीएनसी मशीनचे प्रोग्रॅम, मालाची चलने, जीएसटीची बिले, कामगारांची हजेरी, कोणाकडून किती येणे आणि कोणाला किती देणे, हे सारे एका पेटीत. ती पेटी सुरक्षित राहावी म्हणून कोणा जाणकाराने तीत एकाऐवजी दोन किंवा तीन हार्ड डिस्क बसवून त्यांची जोडी बांधून दिलेली असते. यालाच रेड म्हणतात.

आता अशी कल्पना करा. रात्री दोनदा वीज गेली आणि आली. सकाळी पहिल्या पाळीला सर्व्हर सुरू केला, तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे धावतात, दीड मिनिट तो अडून बसतो आणि मग ‘इमर्जन्सी मोड’ अशी ओळ दाखवून थांबतो. तिकडे ऑपरेटर प्रोग्रॅम मागतो आहे. टेम्पो भरून उभा आहे, पण चलन निघत नाही. मालकाच्या तोंडचे पाणी पळते. अशा वेळी कोणीतरी म्हणतो, ‘जोडी मोडून नव्याने बनवू या, पाच मिनिटांचे काम आहे.’ खरे नुकसान या पाच मिनिटांत होते.

या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे. जोडी उभी राहिली नाही, म्हणजे माहिती गेली असे नव्हे. पुष्कळदा माहिती डिस्कवर जशीच्या तशी असते. ती जाते ती आपल्या घाईने.

दोन मुनीम आणि एक हिशेब

रेडची कल्पना अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधामुळे जगभर पसरली. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधायच्या, हा तिचा गाभा.

रेड-१ म्हणजे दोन मुनीम एकच हिशेब दोन वह्यांत लिहितात. एक वही जळाली तरी दुसरी पूर्ण असते. रेड-५ मध्ये किमान तीन डिस्क लागतात. एकीवर ७ लिहिले, दुसरीवर ५ लिहिले, तर तिसरीवर बेरीज १२ लिहून ठेवायची. यातली कोणतीही एक हरवली, तरी उरलेल्या दोघींवरून हरवलेला आकडा काढता येतो. प्रत्यक्षातले गणित थोडे वेगळे असते आणि बेरीज आळीपाळीने तिन्ही डिस्कवर लिहिली जाते, पण तत्त्व हेच. दोन डिस्क एकदम गेल्या, तर मात्र रेड-५ काही करू शकत नाही. रेड-० मध्ये कोणताच आधार नसतो. तो वेगासाठी असतो, हिशेबासाठी नव्हे.

हे काम वेगळ्या कार्डाने न होता लिनक्स प्रणालीच करत असेल, तर त्याला सॉफ्टवेअर रेड म्हणतात आणि त्याची व्यवस्था एमडीअ‍ॅडम नावाचा प्रोग्रॅम पाहतो. तुमच्याकडे सायनॉलॉजी किंवा क्यूनॅपची तयार स्टोरेज पेटी असेल, तर तिच्या पोटातही लिनक्सची हीच यंत्रणा असते.

हजेरी कशी लागते

जोडीतल्या प्रत्येक डिस्कवर एका ठरावीक जागी तिचे ओळखपत्र कोरलेले असते. त्याला सुपरब्लॉक म्हणतात. आपण कोणत्या जोडीतले, जोडीत एकूण डिस्क किती, आपला क्रमांक कोणता, शेवटची नोंद कधी झाली, हे सर्व त्यात असते. शिवाय त्यात ‘इव्हेंट’ नावाचा एक आकडा असतो. जोडीच्या स्थितीत बदल झाला, की तो सर्व हजर डिस्कवर एकदम वाढतो. गैरहजर डिस्कचा आकडा मात्र मागे राहतो.

संगणक सुरू होताना लिनक्स ही ओळखपत्रे वाचून हजेरी घेतो. सगळ्या डिस्क आल्या, आकडे जुळले, की जोडी उभी राहते. एखादी आली नाही, तर आजच्या बहुतेक प्रणाली साधारण ३० सेकंद वाट पाहतात आणि उरलेल्यांवर काम भागत असेल तर अपुऱ्या जोडीने सुरू होतात. भागत नसेल तर थांबतात. हे थांबणे म्हणजे बिघाड नव्हे. चुकीच्या वहीत लिहिण्यापेक्षा न लिहिलेले बरे, असा तो यंत्राचा शहाणपणा आहे.

जोडी का अडते?

पहिले कारण केबल. प्रेसच्या धक्क्याने, लोखंडाच्या बारीक भुकटीने किंवा सफाईच्या वेळी हात लागून केबल सैल होते. डिस्क धडधाकट, पण हजेरीला गैरहजर.

दुसरे कारण वीज. जुना झालेला पॉवर सप्लाय तीन-चार डिस्क एकदम फिरवू शकत नाही. एखादी उशिरा जागी होते आणि तोवर हजेरी संपलेली असते.

तिसरे कारण जुनी यादी. जोडीची माहिती ‘एमडीअ‍ॅडम डॉट कॉन्फ’ या फाइलमध्ये असते. पण संगणक सुरू होताना मोठ्या डिस्कवरची ही फाइल त्याला अजून दिसत नसते. तो ‘इनिट-रॅम-एफएस’ नावाच्या छोट्या शिदोरीतली तिची नक्कल वाचतो. मूळ फाइल बदलली आणि शिदोरी नव्याने बांधली नाही, तर जोडी ‘एमडी ०’ ऐवजी ‘एमडी १२७’ अशा परक्या नावाने उभी राहते किंवा उभीच राहत नाही.

चौथे कारण साध्या घरगुती डिस्क. खराब जागा लागली, की अशी डिस्क ती वाचण्यासाठी कितीतरी वेळ धडपडते. लिनक्स ३० सेकंदांनी कंटाळतो, डिस्कला मृत समजतो आणि जोडीबाहेर काढतो. रेडसाठी बनवलेल्या डिस्क साधारण ७ सेकंदांत ‘जमत नाही’ असे कळवून मोकळ्या होतात.

पाचवे कारण, म्हणजे डिस्क खरोखरच निकामी होणे. हे शक्य आहे, पण वरची चार कारणे तपासल्याशिवाय तो निकाल देऊ नये.

काय करावे, क्रमाने

पुढच्या कमांड इंग्रजीत टाइप करायच्या असतात. येथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. स्वतः करणार नसाल, तर हा लेख आपल्या मेकॅनिकपुढे ठेवावा आणि तो याच क्रमाने जातो का ते पाहावे.

१. पडद्याचा फोटो काढा. कोणती डिस्क कोणत्या सॉकेटला आहे हे कागदावर लिहा आणि प्रत्येक डिस्कवरचा सिरियल नंबर टिपून घ्या. ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावे पुढच्या वेळी बदलू शकतात, सिरियल नंबर बदलत नाही.

२. ‘प्रॉक’ फोल्डरातील ‘एमडीस्टॅट’ ही फाइल वाचा. जोडीपुढे ‘अ‍ॅक्टिव्ह’ लिहिले असेल तर ती उभी आहे. ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ असेल तर काही डिस्क आल्या आहेत, पण जोडी सुरू झालेली नाही. अशा वेळी डिस्कच्या नावापुढे ‘एस’ हे अक्षर दिसते आणि लोक ती स्पेअर झाली समजून घाबरतात. अडलेल्या जोडीत हे नेहमीच दिसते, घाबरू नये.

३. संगणक बंद करून केबल काढून घट्ट बसवा, शक्य तर नवी लावा. पुन्हा सुरू करून सगळ्या डिस्क दिसतात का पाहा. ‘स्मार्टसीटीएल’ या प्रोग्रॅमने प्रत्येक डिस्कची तब्येत तपासा. त्यातील ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांचे आकडे वाढलेले असतील तर डिस्कचा पृष्ठभाग खराब होतो आहे. १९९ वाढला असेल तर दोष बहुधा केबलचा.

४. प्रत्येक सभासद डिस्कवर किंवा तिच्या भागावर ‘एमडीअ‍ॅडम --एक्झॅमिन’ चालवा. ही कमांड फक्त वाचते, काही लिहीत नाही. तिचे सगळे उत्तर पेनड्राइव्हवर साठवा. पुढे काहीही बिघडले तरी जाणकाराला वाट दाखवणारा नकाशा हाच.

५. आता इव्हेंटचे आकडे आणि शेवटच्या नोंदीची तारीख शेजारी मांडा. उदाहरणार्थ, तीन डिस्कच्या रेड-५ मध्ये पहिलीचा आकडा ४१,२०७, दुसरीचा ४१,२०३ आणि तिसरीचा ३८,९५० असला, आणि तिसरीची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची असली, तर गोष्ट स्पष्ट आहे. तिसरी डिस्क तीन आठवड्यांपूर्वीच बाहेर पडली होती आणि कोणाच्या लक्षात आले नाही. दुसरी काल रात्री पडली. आता पहिली आणि दुसरी यांनाच उठवायचे. तिसरीला या वेळी लांब ठेवायचे, कारण तिच्याजवळचा हिशेब शिळा आहे. रेड-१ मध्येही हाच नियम आहे. ज्या डिस्कची तारीख नवी, तीच उठवायची.

६. एखाद्या डिस्कवर खराब जागा दिसल्या, किंवा दोन डिस्क पडल्या असतील, तर पुढे जाण्यापूर्वी ‘डीडीरेस्क्यू’ने प्रत्येक डिस्कची तंतोतंत नक्कल तेवढ्याच किंवा मोठ्या नव्या डिस्कवर घ्या आणि पुढचे प्रयोग नकलेवर करा. नव्या डिस्कचा खर्च होतो, पण तो हिशेबाच्या किमतीपुढे थोडा आहे.

७. अर्धवट अडलेली जोडी ‘एमडीअ‍ॅडम --स्टॉप’ने सोडवा. मग ‘एमडीअ‍ॅडम --असेंबल --स्कॅन --व्हर्बोज’ चालवा. केबल किंवा उशिरा जागे होण्याचा प्रश्न असेल, तर जोडी येथेच उभी राहते. राहिली नाही, तर ही कमांड प्रत्येक डिस्क का नाकारली ते सांगते. ते वाचा.

८. आकड्यांत थोडाच फरक असेल, तर योग्य डिस्कची नावे देऊन ‘--असेंबल --फोर्स’ वापरता येते. ही कमांड मागे राहिलेल्या डिस्कचे ओळखपत्र बदलते, म्हणजे येथून लिहिणे सुरू होते. म्हणूनच ती आठव्या पायरीवर आहे, पहिल्या नव्हे.

९. जोडी उभी राहताच काम सुरू करू नका. ‘एफएससीके’ला ‘-एन’ जोडून काही न बदलता फक्त तपासणी करा. नंतर ती ‘फक्त वाचन’ पद्धतीने जोडून सगळी ड्रॉइंग, प्रोग्रॅम आणि हिशेब दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. चार-पाच फाइल उघडून खात्री करा. मगच नवी डिस्क ‘--अ‍ॅड’ने जोडीत घ्या. जोडी पुन्हा भरताना उरलेल्या डिस्क तासन्‌तास पूर्ण वेगाने वाचल्या जातात आणि थकलेली डिस्क नेमकी तेव्हाच जाऊ शकते.

१०. शेवटी कारण दूर करा. ‘एमडीअ‍ॅडम --डिटेल --स्कॅन’ जी ओळ देते ती कॉन्फ फाइलमध्ये ठेवा, जुनी चुकीची ओळ काढा आणि शिदोरी नव्याने बांधा. डेबियन आणि उबुंटूवर त्यासाठी ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ आहे, फेडोरा घराण्यात ‘ड्रॅकट -एफ’. जोडीवर फक्त माहिती असेल आणि प्रणाली वेगळ्या डिस्कवर असेल, तर ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये जोडीचे यूयूआयडी द्या आणि ‘नोफेल’ हा शब्द जोडा. म्हणजे जोडी अडली तरी संगणक तरी सुरू होईल.

हे मात्र करू नका

‘एमडीअ‍ॅडम --क्रिएट’ ही कमांड जुनी जोडी शोधत नाही, नवी बनवते. ती ओळखपत्रे पुसून नवी लिहिते. डिस्कचा क्रम चुकला किंवा माहिती सुरू होण्याची जागा जुन्या आणि नव्या आवृत्तीत वेगळी निघाली, तर जोडी उभी राहिलेली दिसते, पण आतला हिशेब भुसा झालेला असतो. हिमरूच्या मागावर जकार्डची पंच-कार्डे चुकीच्या क्रमाने ओवली, तर माग चालतो, पण नक्षी उतरत नाही. तसेच हे आहे.

‘--झीरो-सुपरब्लॉक’ या कमांडलाही हात लावू नका. डिस्क काढून विंडोजच्या संगणकाला जोडली, तर विंडोज ‘इनिशियलाइज’ करू का, असे विचारतो. त्याला नाही म्हणा. हो म्हटले, तर तो डिस्कच्या सुरुवातीला स्वतःची नोंद लिहितो आणि ओळखपत्र नेमके तिथेच असू शकते.

उठल्यावर पुढे

तीन आठवडे एक डिस्क बाहेर आहे आणि मालकाला पत्ता नाही, ही रेडची सर्वांत मोठी दुखरी नस. जोडी अपुरी असली तरी काम चालूच राहते, म्हणून कोणी लक्ष देत नाही. एमडीअ‍ॅडमच्या मॉनिटरमध्ये आपला ई-मेल पत्ता भरून ठेवा, म्हणजे डिस्क पडताच निरोप येईल. डेबियनवर महिन्याच्या पहिल्या रविवारी जोडीची तपासणी आपोआप होते, ती त्या वेळी वीज बंद केल्यामुळे चुकत नाही ना ते पाहा. साध्या डिस्क असतील, तर त्यांची ‘एससीटी ईआरसी’ मुदत ७ सेकंदांवर बांधा. डिस्कला ती सोय नसेल, तर लिनक्सची मुदत ३० ऐवजी १८० सेकंद करा. यूपीएस लावा आणि पेटी प्रेसपासून दूर ठेवा.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे

दोन मुनीम एकच हिशेब लिहितात, पण मालकाने चुकीने ‘ही ओळ खोडा’ म्हटले तर दोघेही ती खोडतात. फाइल पुसली गेली, खंडणीखोर व्हायरस आला, शॉर्टसर्किट झाले, पेटीच चोरीला गेली, तर रेडचा उपयोग नाही. म्हणून एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक गाळ्याबाहेर असावी. दर जुमेरातीला संध्याकाळी बाहेरच्या डिस्कवर प्रत घेऊन ती घरी नेण्याची सवय लावली, तरी पुष्कळ झाले. तीन महिन्यांतून एकदा त्या प्रतीतून एखादी फाइल परत आणून पाहा. उघडून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे.

कायद्याचीही अट आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेब आणि नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात. २०२३-२४ च्या विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणजे त्या नोंदी ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हव्यात. जॉबवर्कसाठी आलेला कच्चा माल कलम १४३ नुसार साधारणपणे एक वर्षात परत जावा लागतो. तो केव्हा आला आणि केव्हा गेला, हे चलनच सांगते. चलन गेले, तर कंपनीपुढे आपली बाजू मांडायला काही उरत नाही.

ही अमानत आहे

आपल्यासाठी गोष्ट कायद्यापाशी संपत नाही. सूरह बकराची २८२ वी आयत ही कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहून ठेवायचे आणि मग ते लिखाण गहाळ होऊ द्यायचे, यात अर्थ नाही. त्या पेटीत कारागिराची थकलेली मजुरी आहे, पुरवठादाराचे देणे आहे, कंपनीने विश्वासाने दिलेले ड्रॉइंग आहे. रमजानमध्ये जकात काढताना माल, रोकड आणि येणे यांचा आकडा त्याच पेटीतून यायचा आहे. आकडाच हरवला, तर गरिबाचा हक्क अंदाजाने ठरणार. आधी उंट बांधावा आणि मग तवक्कुल करावे, ही शिकवण आपण सर्वांनी ऐकली आहे. बॅकअप म्हणजे तो दोर.

तरुणांसाठीही दोन शब्द. वाळूजसारख्या वसाहतीत शांत डोक्याने सर्व्हर तपासणाऱ्या माणसाची गरज पडतच राहणार. आयटीआय किंवा संगणकाचा कोर्स केलेल्या मुलांनी जुन्या डिस्क घेऊन घरी जोडी बांधावी, मुद्दाम एक केबल काढावी आणि ती पुन्हा उठवून पाहावी. चार वेळा असा सराव झाला, की दुसऱ्याच्या गाळ्यात हात थरथरणार नाहीत. फक्त एक ध्यानात ठेवावे. चांगला मेकॅनिक तो, जो पहिला अर्धा तास काहीही न लिहिता फक्त वाचतो.

मालक बंधूंनी उद्याच एवढे करावे. सर्व्हर चालू असतानाच ‘एमडीस्टॅट’ पाहून घ्यावे, ‘--एक्झॅमिन’चे उत्तर छापून बिलांच्या फाइलीत लावावे आणि डिस्कचे सिरियल नंबर पेटीच्या झाकणावर चिकटवावेत. हा अर्ध्या तासाचा उद्योग आहे. इन्शाअल्लाह, अडचणीच्या सकाळी हाच कागद टेम्पो वेळेवर सोडवील.